सही, अंगठा आणि ऐंशी रुपये

गावच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. दोन वर्षांपूर्वी गणपतीत कापूर शोधताना तो माझ्या हाती लागला. आत कापूर नव्हता. सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. तळहाताएवढे, पिवळे पडलेले, एका कडेने फाडलेले कागद. मनीऑर्डरची कुपनं. मोजली तर एकशे एकवीस भरली. सगळ्यात जुनं 1966 सालचं, शेवटचं जानेवारी 1982चं.

पाठवणारे माझे आजोबा. लालबागच्या एका गिरणीत होते. गाव कुडाळ तालुक्यातलं, तेव्हा ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडायचं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो 1 मे 1981ला. कुपनाच्या एका बाजूला रक्कम आणि पाठवणाऱ्याचं नाव असायचं, आणि मजकुरासाठी थोडी मोकळी जागा. त्या जागेत आजोबांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. ‘ती. बाबांस सा. न. वि. वि. रु. 80 पाठविले आहेत. भात झोडून झाले का कळवावे.’ ‘छपराला नळे घ्यावेत.’ ‘येथे पाणी लागले आहे, पण प्रकृती ठीक.’ बहुतेक कुपनांत तीन ओळींच्या वर मजकूर नाही.

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पेमेंटच्या क्षेत्रातल्या एका कंपनीत रिकन्सिलिएशनचं काम करतो, म्हणजे इकडून निघालेले पैसे आणि तिकडे पोचलेले पैसे जुळतात का, हे तपासणारे प्रोग्राम लिहितो. त्यामुळे तो गठ्ठा बघून माझं काय झालं असेल, याची कल्पना करा. मी एका कुपनाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला आणि खाली एक परिच्छेद लिहिला. तीन ओळींतली माया, वाट बघण्यातली गोडी, आताच्या ‘पेमेंट सक्सेसफुल’मधला कोरडेपणा वगैरे. काकांचे, आत्यांचे हात जोडलेले आणि डोळ्यांत पाणी आलेले इमोजी आले. ‘काय ते दिवस होते!’ ‘पोस्टमन म्हणजे घरचाच माणूस.’

आजीला मी तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. ती नारळ खवत होती. सगळं ऐकून म्हणाली, “तुका बरा वाटता रे ता. तू खय काढलंस ते दिवस!” आणि पुन्हा खवायला लागली.

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. पण आजीकडे येण्याआधी मनीऑर्डर चालायची कशी, ते सांगायला हवं. माझ्या वयाच्या बहुतेकांनी तिचं फक्त नाव ऐकलेलं आहे, आणि मलाही वाटायचं की पोस्टमन मुंबईहून निघालेल्या नोटाच आणून देत असणार.

तसं नव्हतं. पैसे जागचे हलायचेच नाहीत. आजोबा परळच्या पोस्टात ऐंशी रुपये आणि वर कमिशन भरायचे. शिक्क्याची पावती मिळायची. ते ऐंशी रुपये परळच्याच गल्ल्यात पडायचे. प्रवास करायचा तो फॉर्म. टपालाच्या थैलीतून, मजल दरमजल, शेवटी एसटीच्या टपावरून किंवा ड्रायव्हरच्या पायाशी बसून तालुक्याला, आणि तिथून चालत्या माणसाबरोबर गावच्या ब्रँच पोस्टात. तिथला पोस्टमास्तर आपल्या गल्ल्यातले ऐंशी रुपये काढून द्यायचा. घेणाऱ्याने सही केली की फॉर्मचे तीन भाग व्हायचे. कुपन घेणाऱ्याकडे राहायचं. सही असलेला मुख्य भाग पोस्टाच्या हिशेबात व्हाउचर म्हणून जायचा. आणि पोच, म्हणजे सहीची आणखी एक चिठ्ठी, उलटा प्रवास करून आजोबांकडे परळला यायची. पुढे लेखा कार्यालयात कुठे किती भरले आणि कुठे किती वाटले, याच्या याद्या एकमेकींशी ताडून बघितल्या जायच्या. माझं काम हेच आहे. फक्त मला त्यासाठी सर्व्हर लागतात.

या रचनेतली एक अडचण लगेच लक्षात येते. खेड्यातल्या पोस्टाच्या गल्ल्यात तेवढे पैसे हवेत. ब्रँच पोस्टात किती रोकड ठेवायची याची मर्यादा ठरलेली असे. गौरी-गणपतीच्या तोंडावर एकदम पंधरा मनीऑर्डरी आल्या की वरच्या पोस्टातून रोकड मागवावी लागे, आणि ती येईपर्यंत लोक ‘मनीऑर्डर आलीय, पण पैसे नाहीत’ हे उत्तर घेऊन परत जात. लोकांना ती पोस्टमास्तरची लबाडी वाटायची. कधी असेलही. पण पुष्कळदा ती खरीच लिक्विडिटीची अडचण असायची.

भारतात पोस्टाने मनीऑर्डरचं काम हाती घेतलं ते 1880 साली. त्याआधी ते सरकारी खजिन्यांमार्फत चालायचं, आणि खजिना म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण. मोठ्या व्यापाऱ्यांना हुंडी होती. पेढ्यांवरच्या विश्वासावर लाखोंचे व्यवहार त्या कागदांवर चालत. पण गिरणीतल्या साचेवाल्याला पाच-सात रुपये गावी पाठवायचे तर हुंडी कोण लिहून देणार? तो गावाकडे निघालेल्या माणसाच्या हाती पैसे द्यायचा. तो माणूस प्रामाणिक निघाला, वाटेत आजारी पडला नाही, बोट बुडालं नाही, तर पैसे पोचायचे. पावसाळ्यात कोकणची बोटवाहतूक बंद असायची, म्हणजे चार महिने तोही मार्ग तुटायचा.

आणखी एक पद्धत वाचनात आली आणि मी खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. 1861च्या कायद्यानंतर सरकारी कागदी नोटा आल्या, तेव्हा टपालाने नोट पाठवताना लोक ती मधोमध कापायचे. एक अर्धं आधी पाठवायचं. ते पोचल्याचं पत्र आलं की दुसरं अर्धं पाठवायचं. वाटेत एकच अर्धं चोरलं तर चोराला त्याचा उपयोग शून्य. आम्ही डेटाबेसमध्ये ज्याला टू-फेज कमिट म्हणतो, म्हणजे आधी समोरच्याची तयारी विचारायची, ‘हो’ आलं तरच व्यवहार पक्का करायचा, ते कात्रीने केलेलं! कॉलेजात हा प्रकार मला चार लेक्चरं होऊनही नीट कळला नव्हता. नोट कापून दाखवली असती तर एका मिनिटात कळला असता. असो.

मनीऑर्डरने हे सगळं गरिबाच्या आवाक्यात आणलं, आणि त्यावर अख्खे प्रदेश उभे राहिले. गढवाल, पूर्व उत्तर प्रदेश, बिहार आणि आमचं कोकण. मुंबईतली पहिली कापडगिरणी 1850च्या दशकात सुरू झाली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत सर्वांत जास्त भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा होता. पुरुष मुंबईत, बायका-मुलं-म्हातारे गावात. 2011च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 बायका आहेत. हा आकडा लोक कौतुकाने सांगतात. मुलींना मारत नाहीत हे त्यातलं खरं कौतुक, पण पुरुष घरी नसतात, हेही त्याच आकड्यात आहे.

चाकरमानी म्हणजे गणपतीत आणि शिमग्याला पेढ्यांचा पुडा घेऊन येणारा पाहुणा, असं एक ठोकळेबाज चित्र आपल्याकडे आहे. उरलेले अकरा महिने चाकरमानी म्हणजे एक कागद असे. आजोबा लालबागला एका खोलीत बाराजणांबरोबर राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचं, खानावळीत जेवायचं. पगार झाला की दुसऱ्या आठवड्यात पोस्टातली रांग. कुपनांवरचे शिक्के बघितले तर जवळपास सगळे 10 ते 16 तारखांच्या मधले आहेत. एवढी नियमित तारीख मला आजच्या लॉगमध्येही क्वचित दिसते.

1972च्या 15 ऑगस्टला पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, आणि संस्कृतात नाटकं-काव्यं लिहिणारे पंडित. एकाच नावाची गावं जागोजागी, त्यात पत्ते नाना लिप्यांत लिहिलेले, यातून पत्र कुठे पाठवायचं हे सहा आकड्यांत सांगता येऊ लागलं. आजोबांनी मात्र शेवटपर्यंत कुपनावर पिनकोड टाकलेला नाही. आमच्या गावाचं नाव दुसऱ्या कुठल्या गावाला असूच शकत नाही, याची त्यांना खात्री असावी.

आता आजी.

1974पर्यंत मनीऑर्डर यायची पणजोबांच्या नावे. त्यात गैर काही वाटत नसे, घरातला कर्ता तोच. पैसे त्यांच्या कनवटीला, कुपन त्यांच्या पेटीत. आजी तेव्हा तिशीत, दोन पोरं पदरात. नवरा काय लिहितो हे तिला कधी कळायचं, कधी नाही. “मामंजींका बरा वाटला तर वाचून दाखवत,” एवढंच ती म्हणते. मी पहिली त्रेसष्ट कुपनं पुन्हा पुन्हा वाचली. त्यात आजीचा उल्लेख एकदाही नाही. मुलांचा आहे, म्हशीचा आहे, छपराच्या नळ्यांचा आहे. बायकोविषयी वडिलांना लिहायचं नाही, ही त्या काळची रीत. मी ज्या तीन ओळींतल्या मायेवर परिच्छेद लिहिला होता, ती माया तिच्यापर्यंत पोचायला कागदावर जागाच नव्हती.

पणजोबा 1974च्या उन्हाळ्यात गेले. त्यानंतर मनीऑर्डर आजीच्या नावे यायला लागली. मी म्हटलं, “म्हणजे तेव्हापासून बरं झालं असेल.” ती हसली.

आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. नियम असा की घेणाऱ्याला सही येत नसेल तर अंगठा घ्यायचा, पण अंगठ्याला साक्षीदार हवा, आणि साक्षीदाराला सही येत असली पाहिजे. नियम चुकीचा नाही. अडाणी माणसाला कुणी फसवू नये म्हणूनच तो केलेला. पण आमच्या वाडीत भर दुपारी सही येणारा माणूस कुठून आणायचा? पुरुष मुंबईत, मास्तर शाळेत. ब्रँच पोस्ट होतं गावातल्या एका दुकानाच्या पडवीत, आणि पोस्टमास्तर दुकानदाराचाच भाऊ. मग पोस्टमन सांगायचा, दुकानावर ये, तिथे साक्षीदार मिळेल. साक्षीदार म्हणजे दुकानदार.

आणि दुकानदाराकडेच घरची उधारी.

आजीने मला ते सगळं हातवारे करून दाखवलं. फळीवर ऐंशी रुपये मोजून ठेवायचे. अंगठा उठवायचा. दुकानदार साक्षीची सही करायचा, आणि तोच हात पुढे नेऊन वहीत बघून म्हणायचा, पंचावन्न झालेत. पंचावन्न उचलायचे. पंचवीस आजीच्या हातात. वहीत काय लिहिलंय ते आजीला वाचता येत नाही. पंचावन्न खरे की पंचेचाळीस, कोण सांगणार? “आख्खे ऐंशी रुपये माझ्या हातात कधी इलेच नाय,” ती म्हणाली. हे तिने तीनदा सांगितलं, प्रत्येक वेळी उजवा तळवा उघडा धरून.

शिवाय ओटीवर चार माणसं बसलेली. कुणाकडे किती आले, कुणाकडे या महिन्यात आलेच नाहीत, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला माहीत. एखाद्या घरची मनीऑर्डर दोन महिने चुकली की तिच्या नवऱ्याने मुंबईत दुसरं घर केलं, अशी कुजबूज सुरू. ग्रुपवर काका लिहितात की तेव्हा गावात कुणाचं काही लपून राहायचं नाही, सगळं कसं मोकळं. काका तेव्हा चार वर्षांचे होते.

माझे बाबा तेव्हा दुसरीत. त्यांच्या पाटीवर आजी आपलं नाव गिरवायला शिकली. रात्री, चिमणीच्या उजेडात. पाटी सकाळी शाळेत जायची, तर दिवसा न्हाणीच्या भिंतीवर कोळशाने. नाव तीन अक्षरांचं, ते आठवड्यात जमलं. आडनावातल्या जोडाक्षराने मात्र महिनाभर छळलं. बाबांना अजून आठवतं की ती त्यांना मध्यरात्री उठवून विचारायची, हे बरोबर आलंय का बघ.

1975च्या श्रावणात पोस्टमन वाडीतून चालला होता. त्याने लांबूनच ओरडून सांगितलं, दुकानावर ये. आजीने त्याला थांबवलं आणि म्हणाली, सही येते मला. त्याला गंमत वाटली. त्याने पायरीवर पिशवी ठेवली, फॉर्म काढला, पेन दिलं. आजीने आयुष्यात पहिल्यांदा पेन धरलं होतं, तोवर फक्त पेन्सिल आणि कोळसा. तिने सही केली. मग ऐंशी रुपये मोजले. पोस्टमनने चहासाठी थांबावं तसं थांबून बघितलं, आणि तिने त्याला चहा दिला, पण चहापाण्याचा रुपया दिला नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना घेऊन दुकानावर गेली आणि म्हणाली, वही दाखवा. दुसरीतल्या पोराने बोट ठेवून आकडे वाचले. वादावादी झाली नाही. बेरीज पंचावन्नच्या खाली आली, एवढंच. ते पैसे तिने दिले. त्यानंतर महिनाभर त्या दुकानात आमच्या घराला रॉकेल उधार मिळालं नाही. ‘संपलाय’ असं सांगायचे. संपूर्ण भाद्रपद अंधारात काढला, गणपतीसकट. हे सांगताना तिच्या आवाजात कौतुक नव्हतं. ती अजून चिडलेली होती, पन्नास वर्षांनंतर.

आणि मुंबईत? आजोबांच्या हाती पोच आली. अंगठ्याऐवजी सही. पुढच्या महिन्याचं कुपन गठ्ठ्यात आहे. त्यावर लिहिलंय: ‘सही कुणाची आहे ते कळवावे. चिरंजीवाने केली असल्यास तसे करू नये.’

त्यांचा संशय रास्त होता. पण तिने कळवावं कसं? पोचेवर मजकुराला जागा नसते. पत्र लिहायचं तर ते पुन्हा त्याच चिरंजीवाने लिहायचं, म्हणजे शंका होती तिथेच. आजीने पुढची मनीऑर्डर घेताना पोस्टमनकडून शाईचं पॅड मागून घेतलं, आणि सही केली तिच्या शेजारीच अंगठाही उठवला. पोस्टमन म्हणाला, दोन्ही लागत नाहीत. ती म्हणाली, लागतात.

ही गोष्ट आजीने सांगितली तेव्हा मला ती थोडी रंगवलेली वाटली. म्हणून मी गठ्ठा तारखेने लावला. ऑक्टोबर 1975चं कुपन: ‘दोन्ही मिळाले. समजले. र ची शेपटी लांब झाली आहे.’

मी रोज टू-फॅक्टर ऑथेंटिकेशनचा कोड वाचतो. त्यात शेपटीची चौकशी करायची सोय नाही.

पोचा सगळ्या आजोबांकडे होत्या. खोलीतल्या ट्रंकेत एका तारेला टोचून ठेवायचे, असं बाबा सांगतात. सही आणि अंगठा शेजारी शेजारी असलेली ती पोच बघायला मी काय वाट्टेल ते देईन. पण 18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. आमच्या गठ्ठ्यातलं शेवटचं कुपन संपाच्या आदल्या आठवड्यातलं आहे, रुपये 150. त्यावर ‘पुढील महिन्याचे नक्की सांगता येत नाही’ असं आहे. पावसाच्या आधी आजोबा गावी आले ते कायमचे. खोलीतला गाळा सुटला, ट्रंक कुणाकडे तरी ठेवली होती, ती राहिली. म्हणजे माझ्याकडे संभाषणाची एकच बाजू आहे. गावात शेकडो घरांत तेव्हा मनीऑर्डर थांबली. आजी आंब्या-काजूच्या बागांत मजुरीला जायला लागली. तिथे आठवड्याला मजुरी मिळायची, आणि हजेरीच्या वहीत ती सही करायची.

मनीऑर्डर त्यानंतरही खूप वर्षं चालली. शेवटच्या काळात कमिशन दर वीस रुपयांना एक रुपया होतं, म्हणजे पाच टक्के. आज कुणी पाच टक्के लावले तर लोक रस्त्यावर येतील, आणि हे गरिबातला गरीब माणूस निमूट भरत होता. 2008मध्ये इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर आली. ती लवकर पोचायची, पण तिच्यात हाताने लिहायची जागा गेली. छापील संदेशांची यादी असायची, त्यातून एक निवडून त्याचा आकडा टाकायचा. म्हशीला किंवा र च्या शेपटीला आकडा नव्हता. 2015मध्ये साधी मनीऑर्डर बंद झाली. त्याआधी दोन वर्षं, जुलै 2013मध्ये तार बंद झाली होती. तेव्हा शेवटची तार करायला पोस्टात रांगा लागल्या होत्या, आम्ही हॉस्टेलवर त्याच्या बातम्या मोबाईलवर वाचल्या होत्या. मनीऑर्डर गेली तेव्हा कुणी रांग लावली नाही. तार करणारे आणि आठवणी लिहिणारे लोक बहुधा एकच होते. मनीऑर्डर करणारे वेगळे.

2016मध्ये यूपीआय आलं. आमच्या वाडीतल्या एका वहिनींचा नवरा गोव्यात हॉटेलात कामाला आहे. त्यांना पैसे फोनवर येतात आणि किती येतात हे सासूलाही कळत नाही, असं त्या मला डोळे मिचकावून म्हणाल्या. मला हे फार आवडलं. पण त्याच वाडीत दुसऱ्या एकीच्या खात्याला नंबर दिराचा जोडलेला आहे. पैसे जमा झाल्याचा मेसेज त्याच्या खिशात वाजतो. म्हणजे मामंजींची पेटी अजून आहे, तिला आता सिमकार्ड आहे.

यंदाच्या मे महिन्यात मी आजीला घेऊन दुकानावर गेलो. तेच दुकान, पडवीत आता पोस्ट नाही. दुकानदाराचा नातू बँकमित्र आहे, त्याच्याकडे आधारवर चालणारं छोटं यंत्र आहे. तालुक्याला बँकेत जायची गरज नाही, अंगठा ठेवला की खात्यातले पैसे मिळतात. पोरगा नम्र आहे, आजीला बसायला खुर्ची दिली. मला माझ्या क्षेत्राचा थोडा अभिमानही वाटत होता, खोटं कशाला बोलू.

त्याने यंत्र पुढे केलं आणि म्हणाला, “आजी, अंगठो ठेव.”

आजीने हात मागे घेतला. “सही येता माका,” ती म्हणाली.

त्याने मला बघून हसून सांगितलं की सही चालत नाही. मी आजीला समजावलं. अंगठा जास्त सुरक्षित, साक्षीदार लागत नाही. मी जे बोलत होतो ते सगळं बरोबर होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने अंगठा ठेवला. यंत्राने तो ओळखला नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा नाही. ऐंशी-ब्याऐंशी वर्षांचे, विळ्या-कोयत्याने झिजलेले हात, रेषाच उरलेल्या नाहीत. आमच्या सिस्टीममध्ये अशा व्यवहारांना एक एरर कोड असतो, रोज कित्येक येतात, मी ते वेगळे काढून बाजूला ठेवतो.

दुसऱ्या हाताच्या बोटावर जमलं. पोराने हजार रुपये काढून तिच्या हातात ठेवले आणि म्हणाला, “झाला आजी.”

“थांब,” ती म्हणाली, आणि फळीजवळ जाऊन तिने ते मोजले. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.